घडीची खाट

ड्रिल मशीनचा लेखक कोण, असं संगणक विचारत होता. तो रकाना भरल्याशिवाय पुढे जायला तयार नव्हता.

"लिहा, भिंतीला भोक पाडणारा," ग्रंथपाल साहेब जाता जाता म्हणाले.

सूचीकार बाईंना हसू आलं नाही. आयुष्यभर त्यांनी पुस्तकांच्या नोंदी केल्या होत्या. या शाखेत नुकतीच बदली झाली, तीही नव्या वस्तू विभागासाठी. तंबू, शिलाई मशीन, दुर्बीण, शिडी, गिटार. पुस्तकासारखं घरी न्यायचं, वापरायचं, परत आणायचं. देण्याआधी बाई प्रत्येक वस्तू उलटीसुलटी करून बघत. सुटे भाग कोणते, ओरखडा कुठे, कुठला स्क्रू सैल, सगळं टिपत.

आज मात्र त्यांचं लक्ष दाराकडे होतं. सिस्टर अजून आली नव्हती.

सिस्टर म्हणजे कोपऱ्यावरच्या दवाखान्यातली नर्स. ती पहिल्यांदा चाकांची मोठी बॅग न्यायला आली, तेव्हा बाईंनी सहज विचारलं होतं, "काय, कुठे दौरा?"

सिस्टरने इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. बॅग तिच्यासाठी नव्हतीच. दवाखान्यात एक बाई आली होती, मनगट मोडलेली. न्हाणीघरात घसरले म्हणाली. त्याआधी बरगडी दुखावली होती, तेव्हाही घसरलीच होती. नवरा शेजारी उभा राहून तिच्या केसांवरून हात फिरवत होता.

"पदरात लहान लेकरू आहे हो, ताई. नाव माझंच लिहा. तिचं कुठे यायला नको."

बाईंनी लिहिलं. त्या दिवसापासून त्यांना चैन पडेना. ती बाई कोण, हे त्यांनी कधी विचारलं नाही. पण सिस्टर काय मागते त्यावरून त्यांना सगळं कळत गेलं. विजेची शेगडी मागितली, म्हणजे खोली मिळाली. गादी मागितली, म्हणजे ती घर सोडून निघाली. गादी बांधून देताना बाईंनी दोरी करकचून आवळली.

"कुठल्या आईच्या पोटी जन्माला येतात असले राक्षस!"

"आई काय करणार?" सिस्टर म्हणाली. "आईपुढे तो गरीब गायच असणार."

घरी आल्यावरही बाई या खोलीतून त्या खोलीत फिरत राहत. दूध उतू जाई. संध्याकाळी मुलाचा फोन येई, तेवढाच काय तो विरंगुळा.

"आई, गोळी घेतलीस का?"

"घेतली रे. रविवारी सूनबाईला नि नातीला घेऊन ये की. किती दिवस झाले."

"बघतो. तिचं डोकं दुखतंय सारखं."

पुढच्या फोनवर तो म्हणाला, "माहेरी गेलीय ती. राहील थोडे दिवस."

"मग तू जेवायला ये इकडे. बाहेरचं खाऊ नकोस."

आता राहिली होती ती लहान मुलाची घडीची खाट. गादी एकच होती आणि लेकरू झोपेत लोळून गार फरशीवर जात होतं. खाट आज न्यायची असं ठरलं होतं. बाईंनी ती उघडून, मिटून, पाय दाबून पुन्हा तपासली. दाराकडे पाहिलं. पुन्हा उघडली.

सिस्टर आली नाही. तिचा फोन आला.

"ताई, तिचा नवरा दवाखान्यात येऊन गेला. इतका गोड बोलतो, सगळ्यांना मावशी-ताई करत चौकशी करत होता. मी कुठे जाते यावर कुणीतरी नजर ठेवतंय. मी गेले तर माझ्या मागे तो तिथवर पोचेल. तुम्ही न्याल?"

"मी?"

"तुम्हाला तो ओळखत नाही. तिला कळवते, एक बाई येतील म्हणून. दारावर थांबून थांबून टकटक करा, बोलू मात्र नका. अनोळखी आवाजाला घाबरते. आणि ताई, पत्ता पाठवते, तो कुणालाही सांगू नका."

"माझ्या तोंडून जाणार नाही," बाई म्हणाल्या.

ग्रंथालय बंद झाल्यावर त्यांनी खाट उचलून पाहिली. दारापर्यंतही जाईना. टॅक्सी बोलवायला त्यांनी फोन हातात घेतला आणि थबकल्या. टॅक्सीवाल्याला पत्ता कळणार. उद्या कुणी चार पैसे चारले की तो बोलणार. शिपायाचं तोंडही काही कमी नव्हतं. परक्या माणसाचा भरवसा कोणी द्यावा?

त्यांनी मुलाला फोन लावला.

तो लगेच आला. खाट त्याने एकट्याने गाडीत चढवली. गाल बसले होते, दाढी वाढली होती.

"झोपत नाहीस का रे?"

"ती नसली की घर खायला उठतं, आई." स्टिअरिंगवर त्याची बोटं सारखी वाजत होती. "कुणाला द्यायचीय ही?"

"आहे एक सभासद." पोटच्या पोरापासूनही त्यांनी गुपित राखलं. वळण आलं की तेवढं हाताने दाखवत राहिल्या.

इमारत जुनी होती, लिफ्ट नव्हती. रस्त्यावर गाड्यांची दाटी होती.

"तू हो पुढे," तो म्हणाला. "गाडी लावतो आणि खाट घेऊन येतो. तू काही उचलू नकोस."

केवढा जीव लावतो, असं मनात म्हणत बाई कठड्याला धरून जिना चढल्या. वरच्या मजल्यावर दाराला नावाची पाटी नव्हती. त्यांनी श्वास खाली बसू दिला. मग थांबून थांबून टकटक केली.

आत लेकराची कुरकुर ऐकू आली, ती कुणीतरी शांत केली. साखळी निघाली. दार उघडलं.

हाताला प्लास्टर घातलेली त्यांची सून समोर उभी होती.

"आई," खालून, जिन्यातून मुलाची हाक आली, "कितवा मजला म्हणालीस?"