भिंतीपलीकडचा भोपळा

उन्हाळ्याच्या तोंडाशीच धाकटीचा भोपळ्याचा वेल भिंतीवर चढला आणि थोरल्या जावेच्या अंगणात उतरला. भोपळा धरला तोही नेमका तिकडेच. सासूबाईंची शाल कुणी ठेवायची यावरून दोघींचं बोलणं तुटलं होतं, आणि मग अंगणाच्या मधोमध ही भिंत आली होती. शाल थोरलीकडे राहिली. आता भोपळाही गेल्यातच जमा होता.

"वहिनीकडून मागून घे की," नवरा म्हणाला.

"जीव गेला तरी नाही."

सकाळी ती वेलाला पाणी घालत होती, तेवढ्यात पलीकडून कात्रीची कचकच ऐकू आली. पाठोपाठ वेलाला हिसका बसला. धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बादली पालथी घालून ती वर चढली. काय काय सुनावायचं, ते तोंडाशी तयारच होतं.

भोपळा वेलावरच होता. त्याच्या भाराने देठ तुटू नये म्हणून थोरली खालून कापडाची झोळी बांधत होती. कापडाचा तो जांभळा काठ धाकटीने लगेच ओळखला. शालीचा दुसरा अर्धा भाग नीट घडी करून भिंतीवर, तिच्या हाताशी, ठेवलेला होता.

थोरलीने मान वर केली नाही. गाठ आवळत ती म्हणाली, "तुझ्या बाजूलाही एक धरलाय, पानांच्या आड. गच्चीवरून रोज दिसतो मला. त्याला ही अर्धी बांध."