पक्के दात

देवकाबाईने पदराची गाठ सोडली आणि कवळीचे तुकडे ट्रेवर ठेवले. ही तिची तिसरी कवळी. वरचा ओठ फाटला होता. रक्त हनुवटीवर वाळले होते.

डॉ. कुमुदिनी खुर्चीपाशी आल्या. दंतमहाविद्यालयात कृत्रिम दात बसवण्याच्या विभागाच्या त्या प्रमुख. त्यांचे केस शिकवण्यातच पांढरे झाले होते. जिल्ह्यातले निम्मे दातांचे डॉक्टर त्यांच्या हाताखालून गेलेले.

देवकाबाईचा नवरा माणिकराव दारात उभा होता. बोथ भागातल्या एका खेड्यातला धिप्पाड शेतकरी.

"पडते ते," तो म्हणाला. "लय धांदरट हाय."

तो चहाला गेला. कुमुदिनीबाईंची विद्यार्थिनी अश्लेषा हळूच म्हणाली, मॅडम, पोलिसांना कळवायला हवं. बाईंचे उत्तर ठरलेले होते. प्रत्येक नव्या वर्गाला त्या पहिल्याच दिवशी ते ऐकवायच्या.

"अश्लेषा, आपलं काम तोंडापुरतं."

मग देवकाबाई बोलली. नवरा पिऊन आला की ती आधी कवळी काढून कमरेला खोचायची. तेवढे दात तरी वाचायचे. पण ते त्याच्या लक्षात आले. आता तो आधी तिचा जबडा दाबून तोंडात बोटे घालायचा आणि कवळी खेचून काढायचा. काल त्याने ती टाचेखाली चिरडली. तिला बघायला लावले. मग रिकाम्या हिरडीवर बुक्की मारली.

कुमुदिनीबाई बराच वेळ ते तुकडे बोटांनी जुळवत राहिल्या. ते जुळण्यासारखे नव्हते. शेवटी त्या म्हणाल्या, या वेळी पक्के दात बसवू, हाडात स्क्रू रोवून. पण ते काढता येणार नाहीत. मार बसला तर थेट हाडाला लागेल.

"हाडाले त आताबी लागते, डॉक्टरीणबाई."

माणिकराव परत आला. दात आता निघणार नाहीत हे त्यालाही सांगितले. तो हसला.

"कसे निघत नाय ते पाहू."

स्क्रू हाडात घट्ट व्हायला सगळा पावसाळा गेला. दिवाळीनंतर दात बसले. एरवी हे काम विद्यार्थी करत. या वेळी बाईंनी कोणाला हात लावू दिला नाही. वरचे दात खालच्यांवर कात्रीच्या पात्यासारखे येईपर्यंत त्या घासत राहिल्या, पुन्हा पुन्हा चावायला सांगत राहिल्या. विद्यार्थी एकमेकांकडे बघू लागले. मग बाईंनी देवकाबाईला सांगितले, भाकरी, कणीस, हाडूक, काय वाटेल ते तोड. भिऊ नको.

संक्रांतीच्या सुमाराला देवकाबाई एकटीच आली. मावल्याच्या थांब्यावर बसमधून उतरली आणि रस्ताभर लोक बघत असताना महाविद्यालयापर्यंत चालत आली. छातीवरचे लुगडे रक्ताने कडक झाले होते. अश्लेषाने धावत जाऊन तिला खुर्चीत बसवले. ओठ उचलून पाहिला, जीभ पाहिली, गाल पाहिले. जखम कुठेच नव्हती.

"माह्यं नाय हे रगत," देवकाबाई म्हणाली. "त्यानं बोटं घातले. मी तोंड मिटलं. दोन बोटांचे पेरं गेले त्याचे. सरकारी दवाखान्यात पडून हाय." तिने मान मागे टेकली आणि तोंड उघडले. "एखांदा हालला का, बगा."

कुमुदिनीबाईंनी छोट्या आरशाची दांडी एकेका दातावर ठोकली. प्रत्येक वेळी आवाज घट्ट आला.

"मॅडम," अश्लेषा म्हणाली, "पोलिसांना कळवायचं?"

"एकही हललेला नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी कापूस ओला केला आणि देवकाबाईची हनुवटी पुसायला घेतली. "आणि अश्लेषा, आपलं काम तोंडापुरतं."