लय जीव

छातीतलं दुखणं हृदयाचं असावं असं गावातल्या डॉक्टरांनी म्हणताच धावड्याचा कचरू बायकोच्या पदराला चिकटला. उभ्या जन्मात त्यानं द्वारकाबाईला नावानं हाक मारली नव्हती. आता हात धरून म्हणायचा, "द्वारके, तुझ्यावर माझा लय जीव हाय."

ती मनातल्या मनात थुंकायची. मरणाला भ्यालेला हा माणूस. म्हैस जवळ असती तर तिच्याही गळ्यात पडला असता. तरी त्याची हाक आली की ती हातातलं काम टाकून जायची.

जालन्याच्या मोठ्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदय ठणठणीत आहे, पित्ताचा त्रास आहे. परतीच्या एसटीत कचरू ओळखीच्या माणसांत पुढं जाऊन बसला. तिनं पाण्याची बाटली नेऊन दिली तर खेकसला, "बस की गप मागं."

राजूर आलं तेव्हा मात्र त्याला तिची आठवण झाली.

"गणपतीला नवस केल्ता ना तू माझ्या दुखण्यापायी? चल उतर, फेडून टाकू."

द्वारकाबाई जागची हलली नाही.

"कशाला फेडायचा?" ती म्हणाली. "पावला न्हाई तो."