एन्येच्या जागी

पासवर्ड चुकीचा आहे, असं लॅपटॉपने पुन्हा बजावलं आणि झुलेमाच्या तोंडचं पाणी पळालं.

"सावकाश लिहा, दोन्या झुलेमा," यानिना म्हणाली. वडीलधाऱ्या बायकांना ती मानाने 'दोन्या'च म्हणे. यानिना पेशाने दातांची डॉक्टर, पण वस्तीतल्या क्लबात जुन्या संगणकांवर लिनक्स बसवून देण्याचा मेळा भरला की दवाखाना बंद ठेवून इथे हजर. "घाईत बोटं घसरतात."

"सावकाशच लिहिला, गं."

दुपारपर्यंत सगळं सुरळीत चाललं होतं. जुनी विंडोज रखडत होती, म्हणून यानिनाने डिस्कचे दोन भाग केले. एकात विंडोज तशीच ठेवली, दुसऱ्यात लिनक्स बसवली आणि त्या भागाला कुलूप घातलं. पासवर्ड झुलेमाने स्वतः टाकला, तेव्हा यानिनाने तोंड फिरवलं होतं. मग 'शाळा' नावाचं फोल्डर उचलून नव्या भागात ठेवलं आणि जुन्यातून पुसून टाकलं. लॅपटॉप बंद करून चालू केला, तर आता कुलूप मालकिणीलाच ओळखेना.

"शाळेचंच ना ते? जाऊ दे की," मागे उभा असलेला तिचा नवरा एवारिस्तो येर्बाच्या कडू चहाच्या पेल्यातली नळी चोखत म्हणाला. "निवृत्त होऊन जमाना झाला. जुन्या प्रश्नपत्रिकांसाठी एवढी कशाला जीव टाकतेस, म्हातारे?"

त्या फोल्डरात एकही प्रश्नपत्रिका नव्हती. तिच्या मुलाचे फोटो होते, त्याचे आवाजातले निरोप होते, तिकडे चिलीत झालेली नात धडपडत पहिल्यांदा उभी राहिली तो व्हिडिओ होता. बापाने त्याला घराबाहेर काढलं, तेव्हापासून घरात त्याचं नाव काढायची सोय नव्हती. म्हणून शाळा. आणि गेल्या कार्निव्हलपासून त्याचा फोनही लागत नव्हता. नवं काही येत नव्हतं. होतं ते एवढंच, आणि आज तिने ते स्वतःच्या हाताने कोंडून घातलं होतं.

"खरं सांग, पोरी. उघडेल ना?"

"पासवर्डशिवाय हे कुणाच्या बापाला उघडत नाही," यानिना नजर चुकवत म्हणाली. "त्यासाठीच तर असतं."

"मग पासवर्ड सांगून टाक ना तिला," एवारिस्तो म्हणाला. "का माझ्यासमोर घेण्यासारखं नाव नाही? कुणी जुना यार?"

शेजारच्या टेबलावरचे खो खो हसले. तोही हसला. त्याच्या हातातला पेला हिसकावून जमिनीवर आपटावा, इतका झुलेमाला त्याचा राग आला.

लिनक्स ज्यावरून बसवली होती तो पेनड्राइव्ह यानिनाने खुपसला आणि लॅपटॉप पुन्हा त्याच्यावरून सुरू केला. एक कोरं पान उघडून, सुचेल ते लिहावं तसं तिने 'दोन्या झुलेमा' असं टाइप केलं. मग पडद्याजवळ नाक नेलं.

"अरे देवा. हे बघा."

'दोन्या'च्या पोटात जिथे एन्ये हवा, तो डोक्यावर लहर असलेला एन, तिथे अर्धविराम येऊन बसला होता.

"इंग्रजी कीबोर्ड! कुलूप आधी घातलं आणि कीबोर्ड स्पॅनिश नंतर केला. गाढवपणा माझाच. पासवर्डचे नुसते ठिपके दिसतात, कळणार कसं? तुम्ही एन्ये दाबला असेल, तर याने तेव्हा अर्धविराम ऐकला. आता तुम्ही एन्ये देताय आणि हा अर्धविराम मागतोय." यानिनाने तिच्याकडे पाहिलं. "सबंध पासवर्ड नको मला. फक्त सांगा, त्यात एन्ये आहे?"

झुलेमाला वाटलं, नाही म्हणावं, घरी जावं, गेलं ते गेलं म्हणावं. पण नातीची ती लटपटणारी पावलं डोळ्यांपुढून हलेनात.

"आहे," ती म्हणाली.

मागे नळीचा आवाज थांबला. एवारिस्तोच्या नावात एन्ये नव्हता. झुलेमाच्या नव्हता, दोन्ही मुलींच्या नव्हता, कुत्र्याच्याही नव्हता. एन्ये असलेलं नाव त्या घरात एकच होतं, आणि ते काढायची सोय नव्हती.

झुलेमाने मागे वळून पाहिलं नाही.

यानिनाने पेनड्राइव्ह काढून लॅपटॉप पुन्हा सुरू केला. पासवर्डची चौकट आली. "एन्येच्या जागी अर्धविराम. हा इथे, शिफ्ट दाबून."

घाईत झुलेमाकडून एकाऐवजी दोन कळा दाबल्या जात होत्या. चुकीचा आहे, लॅपटॉप म्हणाला. तिने परत लिहिला. परत चुकला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि कळाच दिसेनाशा झाल्या.

"सरक," एवारिस्तो म्हणाला.

"तुला काय करायचंय?"

"सरक म्हटलं ना."

त्याने पेला टेबलावर ठेवला, खुर्ची ओढली आणि चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. त्याला एकाच बोटाने टाइप करता यायचं. एकेक कळ हुडकत, अर्धविरामापाशी यानिनाच्या तोंडाकडे पाहत, त्याने ते लिहिलं आणि एंटर दाबलं.

चुकीचा आहे.

त्याची मान खाली गेली. "म्हणजे दुसराच कुणी," तो पुटपुटला.

"तोच आहे," झुलेमा म्हणाली. "पण छोटा पासवर्ड चालत नव्हता. म्हणून नाव लागोपाठ दोनदा लिहिलंय."

एवारिस्तोने तिच्याकडे पाहिलं. मग बोट पुन्हा पहिल्या अक्षरावर ठेवलं आणि ठिपके उमटू लागले.

"टोन्यो," तो पुटपुटला. आणि मग, हॉलमधल्या सगळ्यांनी माना वळवून बघावं एवढ्या मोठ्याने, "टोन्यो."