काविळीची माळ

न्यूमोनियासाठी डॉक्टरांनी रुचाला सात दिवस रोज इंजेक्शन सांगितलं होतं. चौथ्यानंतर तिचे डोळे पिवळे झाले, लघवी कोऱ्या चहासारखी होऊ लागली. तिच्या वडिलांनी, विश्वेश्वरशास्त्र्यांनी, नदीपलीकडच्या रामनगरहून काविळीची माळ, ओल्या काड्या दोऱ्यात गुंफलेली, आणून तिच्या डोक्यावर ठेवली. माळ लांबत जाते तशी कावीळ उतरते, हे घाटावर सगळ्यांना ठाऊक. “बाबा, आज सुई नको ना,” ती म्हणाली. “बाळा, धरलेलं अनुष्ठान मधेच सोडत नाहीत.” पाचवं झालं, सहावं झालं. माळ कपाळावरून गळ्यात उतरली. शास्त्री रोज बोटांनी मोजत, निश्चिंत होत. सातव्यानंतर तिला इस्पितळात न्यावं लागलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषधामुळे तिचं शरीर स्वतःच्याच रक्तपेशी फोडत होतं. “सुई बंद क्यों नहीं की?” तेराव्याला शास्त्र्यांनी तीच माळ रुचाच्या फोटोला घातली. आज दिवा लावताना बोटं सवयीने माळेवर फिरली. माळ दोन बोटं लांबली होती.