एकटी पाहुणी

"एकटी आहे?" मालकीणबाईंनी दुसऱ्यांदा विचारलं.

"एकटीच," फुमिए म्हणाली. "हातात एवढीशी पिशवी. दोन दिवस राहणार म्हणते."

मालकीणबाईंचा चेहरा उतरला. दरीच्या काठावरचं हे गरम झऱ्याचं विश्रामगृह. फेब्रुवारीच्या बर्फात इथे कुणी एकटं आलं की स्वयंपाकघरापासून न्हाणीघरापर्यंत सगळ्यांना एकच धास्ती, हा जीव द्यायला तर नाही ना आला? एकट्या माणसाला 'खोल्या भरल्यात' सांगून परत पाठवायची या भागात जुनी रीतच आहे. पण ही बाई शेवटच्या बसने आली होती आणि बस कधीच खाली उतरून गेली होती.

"फळं कापायची सुरी तिच्या खोलीतून काढून घे. आणि तिच्यावरून नजर हलवू नकोस. मला पुन्हा तसली सकाळ नको."

तसली सकाळ फुमिएलाही नको होती. अकरा वर्षांपूर्वी एक एकटा पाहुणा "मला जरा निवांत राहू द्या" म्हणाला, आणि तिने राहू दिलं. दुसऱ्या दिवशी नाश्त्याचं ताट घेऊन त्याच्या खोलीत तीच गेली होती. पंचवीस वर्षं या घरात राबलेली ही विधवा बाई. त्या सकाळचं ओझं तिने कुणाला सांगितलं नाही आणि खालीही ठेवलं नाही.

पाहुणीचं नाव कुरिहारा. चाळिशीची, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. चहा पुढे ठेवताना फुमिएने आपला हमखास प्रश्न टाकला.

"सकाळी नाश्ता किती वाजता आणू?"

ज्याला सकाळ बघायची असते तो वेळ सांगतो, हा तिचा आडाखा.

"बघू सकाळी," बाई म्हणाली.

फुमिएने फळांजवळची सुरी गुपचूप बाहीत सरकवली.

त्या दिवशी दुसरी एकच खोली भरलेली होती. तिथे इगाराशी आजी-आजोबा उतरले होते. आजोबा ऐंशीच्या पुढचे, आजी जराशा लहान आणि स्मृती हरवलेल्या. "आपण पोचलो का?" असं त्यांनी जेवताना तीनदा विचारलं. "पोचलो गं," आजोबा तिन्ही वेळा तितक्याच मायेने म्हणाले आणि माशाचे काटे काढून त्यांना घास भरवत राहिले.

"नशीब काढलंत आजी," फुमिए म्हणाली. "आमच्या ह्यांनी कधी पाण्याचा पेला उचलून दिला नाही."

"लग्न झाल्या झाल्या इथेच आलो होतो आम्ही," आजोबा हसले. "तेव्हा हीच मला भरवत होती. आता पाळी माझी."

"नाश्ता कधी आणू?"

"साडेसातला. आणि हिचा भात जरा मऊ कर हं, दात राहिले नाहीत."

सगळेच पाहुणे असे असते तर काय हवं होतं, असं फुमिएला वाटलं.

मग ती एकटीच्या मागे लागली. बाई अंघोळीला गेली तशी ही टॉवेल घेऊन दारात उभी. "पाणी फार कढत नाही ना?" पाच मिनिटांनी पुन्हा, "साबण आहे ना?" बाई जेवायला बसली तेव्हा ही समोर ठाण मांडून. दुधाने तोंड पोळलं होतं फुमिएचं, ताकही फुंकूनच पिणार.

आजी-आजोबांची ताटं उचलायला आली तेव्हाही तिचे कान ओसरीच्या पलीकडेच होते. रोजच्यासारख्या गाद्या घालायला ती कपाटाकडे वळली, तोच आजोबांनी विचारलं, "काय गं, लक्ष कुठे आहे तुझं?"

फुमिएला राहवलं नाही. तिने सगळं सांगून टाकलं, अकरा वर्षांपूर्वीचंसुद्धा.

आजोबांनी आजीचा हात हातात घेतला.

"जा तू," ते म्हणाले. "आमच्या गाद्या आम्ही घालू. म्हातारा झालो म्हणून काय, गादी घालता येते मला. आमच्याकडे पुन्हा येऊ नकोस. तिच्यापाशी बस."

"पण आजोबा, तुम्ही पाहुणे..."

"एकटं माणूस लवकर हरतं, पोरी. जा."

फुमिएचे डोळे भरून आले. तिने जमिनीला डोकं टेकून नमस्कार केला आणि धावतच गेली.

"आता आणखी काय?" कुरिहाराबाई कातावली. "मी इथे मरायला आलेय असं वाटतंय का तुम्हाला?"

फुमिए उशी सारखी करायला लागली.

"अहो, आई अंथरुणाला खिळलीय माझी. तीन वर्षं एक रात्र सलग झोप नाही मला. भाऊ आला, म्हणाला जा दोन दिवस. मी झोपायला आलेय हो, नुसती झोपायला!"

"मग झोपा की," फुमिए म्हणाली. मरायला निघालेली माणसं काय वाटेल ते सांगतात, हे तिला ठाऊक होतं. "मी दाराबाहेर बसते."

"बसा! नाहीतर नाचा!" बाईने पांघरूण तोंडावर ओढलं.

आठच्या सुमाराला आतून घोरणं सुरू झालं. इतकं बेसूर घोरणं आणि इतकं गोड, फुमिएने जन्मात ऐकलं नव्हतं. तरी ती हलली नाही. दाराला पाठ लावून, गोधडी लपेटून तिथेच बसून राहिली.

सकाळी सातला दार सरकलं.

"नाश्ता मिळेल ना?" कुरिहाराबाईने विचारलं. केस विस्कटलेले, गालावर उशीचे वळ. "पोटात कावळे ओरडतायत."

तिने तीन वाट्या भात खाल्ला. फुमिए स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडली. मालकीणबाईंनी स्वतःचे डोळे पुसले आणि वर तिलाच दटावलं, "रडतेस काय बावळटासारखी! आजी-आजोबांची ताटं गार होतायत."

फुमिए रडता रडता हसली. अकरा वर्षांनी तिची पावलं हलकी पडत होती. बरोबर साडेसातला दोन ताटं घेऊन ती ओसरीवरून निघाली. मऊ भात तिने स्वतः शिजवला होता.

"आजोबा, आणू का आत?"

उत्तर आलं नाही. दमले असतील बिचारे, म्हणत तिने ताटं खाली ठेवली आणि दार सरकवलं.

गाद्या कपाटातच होत्या, घडी न मोडलेल्या. बागेकडचं दार सताड उघडं होतं. पलीकडे, दरीच्या कठड्यापाशी, लाकडी खडावांचे दोन जोड टाचेला टाच लावून ठेवलेले होते आणि त्यांच्यावर चार बोटं बर्फ चढला होता.