इनऑडिबल म्हणजे

"इन म्हणजे आत," वायसन म्हणाला. "आत काहीतरी आहे, एवढं नक्की."

"आत आहे ते मलाही ठाऊक आहे. पुढचं वाच," फेनेसी म्हणाली.

पुढचं तिच्या नवऱ्याला येईना. पाचवा महिना लागला म्हणून ती सकाळी दवाखान्यात जाऊन आली होती. नर्सने पोटावर लाकडी नळी टेकवली, नळीला कान लावून बराच वेळ ऐकलं, तिच्या तपासणीच्या वहीतल्या छापील रकान्यात एकच इंग्रजी शब्द लिहिला आणि दोन आठवड्यांनी ये म्हणून सांगून पुढच्या बाईला हाक मारली. फेनेसीला विचारायचा धीर झाला नाही.

वायसनने तिला सायकलवर मागे बसवलं आणि चिसाले बाईंच्या अंगणात आणलं. त्याला आठवीपर्यंत इंग्रजी त्यांनीच शिकवलं होतं. बाई भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या.

त्यांनी वही डोळ्यांजवळ धरली. "बाळाचे ठोके, इनऑडिबल."

"इन म्हणजे आत ना, बाई?"

"इथे नाही रे. इथे इन म्हणजे नाही."

फेनेसीचा पोटावरून फिरणारा हात थांबला. वायसन खाली टरफलांकडे बघत राहिला.

"अर्धंच ऐकून तोंडं काय पाडता? शाळेतही तुझं हेच!" बाई खेकसल्या आणि सरकून फेनेसीजवळ बसल्या. "ऐकू येत नाही, एवढंच लिहिलंय. आवाजच नाही, असं कुठं लिहिलंय? इतका बारीक आवाज, की कानापर्यंत पोचत नाही."

"म्हणजे आहे?" फेनेसीने विचारलं.

बाईंनी तिचा हात हातात घेतला. "पाचव्यात त्या नळीने पुष्कळदा ऐकू येत नाही, पोरी. माझ्या थोरल्याचंही आलं नव्हतं."

दोन आठवडे वायसन रोज सकाळी तिच्या पोटाला कान लावायचा.

मग दवाखान्यात नर्सने पुन्हा नळी टेकवली. वायसन बाहेर थांबायला तयार नव्हता. नर्स कान लावून ऐकत राहिली, आणि ऐकता ऐकता तिचं बोट फेनेसीच्या मनगटावर वाजू लागलं. टकटक टकटक टकटक.

फेनेसीने वायसनचा हात ओढून घेतला आणि त्याच्या तळव्यावर तोच ताल धरला.

तो तळव्याकडे बघत राहिला.

"एवढ्या घाईने?" तो म्हणाला. "निघालंय तरी कुठं?"